सहाशे चारची चावी

अंधेरी, १९ जानेवारी २०२५

प्रिय ॲड्रियन,

माझा पत्ता बदलला. बी विंग, सहावा मजला, ६०३. मंगळवारी राहायला आलो. तुझा फोन लागतो, पण तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितो. आयव्हीच्या माहेरचा वसईचा पत्ता मला पाठ आहे. तुम्ही अजून तिथेच असाल असं धरून चालतो.

वाडीच्या बदल्यात मिळालेलं तुझं घर आमच्या शेजारी आहे, ६०४. दोन दारांच्या मध्ये चार पावलांची जागा. तुझ्या दारावरचा प्लास्टिकचा कागद अजून कोणी काढलेला नाही. चावी खाली बिल्डरच्या ऑफिसात आहे, पण ती मला देत नाहीत. ज्याचं घर त्यानेच येऊन घ्यायची असा नियम आहे. मेअखेर ऑफिस बंद होणार. ज्यांच्या चाव्या उरतील त्यांच्या फायली वकिलाकडे जातील, असं ऑफिसातली शीतल म्हणाली. तेव्हा तू मेच्या आत ये. एवढंच काम आहे. बाकी माझं काही म्हणणं नाही.

क्लॅरिस म्हणते, पत्रात चांगलं काही लिही. तर नळाला चोवीस तास पाणी आहे. संडास घरातच आहे, तोही दोन. पहिल्या दिवशी मी दोन्हींत जाऊन आलो. क्लॅरिसला आता गुडघे धरत अंगण ओलांडावं लागत नाही.

पण सांगायच्या गोष्टी फार आहेत. सामान आणायच्या आधी लिफ्ट मोजून घे. मी मोजली नाही. आईचं कपाट लिफ्टमध्ये बसलं नाही आणि जिन्याच्या दुसऱ्या वळणावर अडकलं. त्याचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो. गॅस पाइपातून येतो, सिलिंडर नाही. त्यामुळे रात्री रेग्युलेटर फिरवून ठेवायची सोय नाही. मी तीनदा उठून बघतो. लिफ्टमध्ये आरसा आहे. त्यात बघत बसलो की मजला निघून जातो. काल मी आठव्यावर जाऊन कोणाच्या तरी दारात आपली चावी फिरवत होतो. आतून एक बाई ओरडल्या. सगळे मजले सारखेच केले आहेत. रंग तरी वेगळा द्यायचा होता.

क्रूस जागेवरच आहे. गेटच्या डाव्या हाताला, त्याला नवी फरशी बसवली आहे. विहिरीचं विचारू नकोस.

तू आलास की आधी वर माझ्याकडे ये. ऑफिसात परस्पर जाऊ नकोस.

तुझा भाऊ,
हर्बर्ट

११ फेब्रुवारी

प्रिय ॲड्रियन,

उत्तर आलं नाही. पोस्टाचा काही भरवसा नाही, म्हणून हे पत्र रजिस्टर्ड करतो आहे.

इथली दारं आपोआप बंद होतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. गुरुवारी सकाळी कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आलो. अंगात बनियन, पायात काही नाही. मागे दार बंद झालं. क्लॅरिस चर्चला गेली होती. आपल्या जुन्या घराचं दार ढकललं तरी नीट लागायचं नाही, हे दार ढकलायच्या आत लागतं. मी अर्धा तास उभा होतो. शेवटी ६०२ च्या शुभाबाईंनी आत बोलावून चहा दिला. कणकवलीकडच्या आहेत. नवरा गिरणीत होता, तो वारला. म्हणाल्या, "काका, चावी गळ्यात बांधा. शाळेतल्या पोरासारखी." मी हसलो, पण घरी येऊन खरंच सुतळी शोधली. क्लॅरिसने बांधू दिली नाही. म्हणाली, गळ्यात चर्चमधल्या स्कॅप्युलरचा दोरा आहे तेवढा पुरे.

शुभाबाईंच्या कुकरच्या शिट्ट्या मला मोजता येतात, इतक्या भिंती पातळ आहेत. दुसऱ्या बाजूची भिंत तुझी. तिथून काहीच ऐकू येत नाही. मी कधीकधी कान लावतो. क्लॅरिसला वाटतं पाइप गळतो का ते बघतो आहे.

गॅलरीत दोरीवर बोंबील घातले होते. सोसायटीने नोटिस लावली की गॅलरीत मासे सुकवू नयेत. नाव लिहिलं नव्हतं, पण अख्ख्या विंगमध्ये दुसरं कोण सुकवतं? आपल्या वाडीची चौदा घरं इथे आली. त्यातल्या नऊ जणांनी ती भाड्याने दिली आणि ते निघून गेले. उरलेले आता बोंबील बाजारातून आणतात.

आज ऑफिसात गेलो होतो. शीतल चांगली मुलगी आहे, अंकल अंकल करते. तिने सांगितलं की तू चावी घेशील तेव्हा तिच्यासमोर सही करावी लागेल, आणि ती सही वाडी पाडायला दिलेल्या संमतीपत्रावरच्या सहीशी ताडून बघतात. "फॉर्मॅलिटी आहे, अंकल." मी विचारलं, थोडीफार वेगळी असली तर? वयाने हात बदलतो माणसाचा. ती म्हणाली, मग साहेबांना विचारावं लागेल.

तसं काही नाही. तुला आपलं कळवून ठेवलं. पण येशील तेव्हा आधी वर ये, हे परत लिहितो.

हर्बर्ट

१६ मार्च

प्रिय ॲड्रियन,

रजिस्टर्डची पोच आली. त्यावर सही आयव्हीची आहे. म्हणजे पत्रं पोचतात.

कपाटाचं सांगायचं राहिलं होतं. दोन दिवस ते जिन्यात अडकून होतं, वरखाली जाणारे लोक अंग चोरून जायचे आणि माझ्याकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याला बोलावलं. त्याने जिन्यातच तोडलं. आतल्या फळीवर आपल्या दोघांच्या उंचीच्या रेघा होत्या, ती फळी मी बाजूला ठेवायला सांगितली. त्याने ऐकलं नाही की मी मोठ्याने सांगितलं नाही, आता आठवत नाही. तुझंही ते कपाट होतं. तुला विचारायला हवं होतं.

तू म्हणशील, तुला विचारायची सवय कुठे आहे.

मला एक सांग. तू हल्ली सही कशी करतोस? फॅक्टरीत असताना मी पगाराच्या कागदावर नुसतं नाव लिहायचो. तुझी मात्र पहिल्यापासून वळणदार होती, खाली एक रेघ आणि दोन टिंबं. अजून तशीच आहे का? येशील तेव्हा सावकाश कर. घाईत केलेली सही वेगळी येते. शक्य असेल तर एका कागदावर करून मला पाठव. अगदी आवश्यक आहे असं नाही.

झोप लागत नाही. वारा आला की सरकत्या खिडक्या वाजतात. क्लॅरिस म्हणते, तुला घर नवं मिळालं पण डोकं जुनंच राहिलं. तिला इथे आवडतं. ती शुभाबाईंबरोबर खाली बाकावर बसते. मला खाली बसवत नाही. लोक आपल्याबद्दल विचारतात. भाऊ कधी येणार, भावाचं घर बंद का. मी सांगतो, त्याचं वसईला काम चालू आहे.

उपवासाचे दिवस आहेत. रागावर उपवास नसतो म्हणा.

हर्बर्ट

२३ एप्रिल

प्रिय ॲड्रियन,

ईस्टरला तुझ्या मेलनीने क्लॅरिसला फोन केला. मला माहीत नव्हतं की ती करते. दर महिन्याला करते म्हणे. क्लॅरिसने तीन वर्षं मला कळू दिलं नाही. माझ्याच घरात. मला राग आला, पण कुठल्या तोंडाने रागावू? आम्हाला मूल नाही. मेलनी तीन वर्षांची होईपर्यंत क्लॅरिसच्याच कुशीत झोपायची, कारण आयव्हीची रात्रपाळी असायची. तिने फोन करायचा नाही तर कोणी करायचा?

मेलनीने दोन गोष्टी सांगितल्या. एक, तू माझी पत्रं वाचतोस आणि परत पाकिटात घालून ठेवतोस. फाडत नाहीस. दुसरी, तुमच्याकडे तीन वर्षं पाकिटातला मसाला वापरतात.

ॲड्रियन, हे ऐकून मला जेवण गेलं नाही. आपल्या घरात पाकिटातला मसाला. आईने ऐकलं असतं तर काय म्हणाली असती ते तुला माहीत आहे.

मी ठरवलं आहे. मिरच्या आणल्या. काश्मिरी, रेशमपट्टी आणि थोडी बेडगी. गच्चीवर वाळवायला घातल्या आहेत. गच्चीवर जायला परवानगी लागते, ती काढली. दोन दिवस मी छत्री घेऊन त्यांच्याजवळ बसतो, कबुतरं येतात. क्लॅरिसने बाकीची यादी केली. धणे, तीळ, खसखस, नागकेशर, त्रिफळ, दगडफूल, मायपत्री. सगळं मिळून सत्तावीस जिन्नस झाले. मायपत्री मिळेना, ती मी तीन दुकानं फिरून आणली. मसाला भरायला बाटल्या बियरच्याच लागतात, काळ्या काचेच्या. त्या मागायला मी वाइन शॉपमध्ये गेलो तर तो म्हणाला, काका, रिकाम्या कशाला, भरलेल्या न्या.

आठ बाटल्या होतील. चार आमच्या, चार तुमच्या, नेहमीसारख्या. कांडायच्या बायका आता मिळत नाहीत, गिरणीत देऊ. पण भाजायचं मात्र मी स्वतः. आता एकच अडचण आहे. मिरची घरात भाजता येत नाही, तिची खाट घशात बसते, हे तुला माहीत आहे. अंगण नाही. त्याचा मी विचार करतो आहे.

तू मसाला न्यायला ये. चावीचं नंतर बघू. नाही, चावीचंही बघायला हवं, ऑफिस महिनाभरच आहे.

हर्बर्ट

१ मे

ॲड्रियन,

तुझ्या घरात थोडं पाणी आलं. फार नाही. काळजी करण्यासारखं नाही.

खरं लिहितो. बरंच आलं.

काल सकाळी आम्ही मसाला भाजायला बसलो. कुठे, तर दोन दारांमधल्या जागेत. मला वाटलं, जुन्या घरी तुझं दार आणि माझं दार यांच्यामध्ये अंगण होतं, तिथेच आपण भाजायचो. इथे दोन दारांमध्ये ही जागा आहे. खिडकीही आहे, धूर बाहेर जाईल. मग हेच अंगण, दुसरं काय? कोळशाची शेगडी पेटवली. क्लॅरिसला जमिनीवर बसवत नाही, म्हणून शेगडी स्टुलावर ठेवली, तीही उंच स्टुलावर, म्हणजे ती खुर्चीत बसून हलवू शकेल. चूक इथेच झाली. वर छतात एक लहान काचेची नळी असते, लाल रंगाची. आग लागली तर ती फुटते आणि पाणी सुटतं. हे मला आता माहीत आहे.

धणे झाले, तीळ झाले, खसखस झाली. मिरची टाकली आणि थोडं तेल सोडलं, तेल शेगडीत सांडलं. जाळ उठला. मी पुठ्ठ्याने दाबायला गेलो तर आणखी उठला. मग वर टक् आवाज झाला आणि काळं पाणी धो धो कोसळायला लागलं. भोंगा वाजला. चौदा मजल्यांवरचे लोक जिन्याने खाली पळाले, आणि मिरचीची खाट जिन्यात शिरली होती. सगळे खोकत होते. शुभाबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "काका, तुमका मसालो करूचो होतो की बिल्डिंग रिकामी करूची होती?" त्या एकट्याच हसत होत्या.

कोणाला लागलं नाही. क्लॅरिस नखशिखान्त भिजली. खुर्चीत तशीच बसून ती कालथा हातात धरून होती.

पाणी वीस मिनिटं बंद झालं नाही. आमच्या दाराला उंबरा आहे, मी पहिल्याच आठवड्यात बसवून घेतला होता. तुझ्या दाराला नाही. फरशीचा उतारही तुझ्याकडेच. सगळं पाणी तुझ्या दाराखालून आत गेलं. ऑफिसातल्या लोकांनी चावी आणून दार उघडलं. मी मागे उभा राहून बघितलं. ॲड्रियन, तुझ्या घरात मी पहिल्यांदा पाय ठेवला तो घोटाभर काळ्या पाण्यात. तिळाचे दाणे तरंगत होते. खालच्या सगळ्या स्विचांमध्ये पाणी गेलं आहे.

मालकाला कळवावं लागेल, असं शीतल म्हणाली. मी म्हणालो, मी कळवतो. ती म्हणाली, नाही अंकल, आम्हालाच कळवावं लागतं. तिने फाइल काढली आणि माझ्यासमोर तुला फोन लावला. तिचा फोन तू उचललास.

मी तुझा आवाज ऐकला. शब्द कळले नाहीत. ती म्हणाली, तुमच्या संमतीपत्रावरचाच नंबर आहे ना हा. मग तिने फायलीतलं पान उलटलं. मग म्हणाली, "सर, सही आहे ना तुमची इथे." फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "ते बारा तारखेला येतायत. कागद बघायला."

तू तिला काय सांगितलंस?

हर्बर्ट

७ मे

ॲड्रियन,

क्लॅरिस शुभाबाईंकडे गेली आहे. ती यायच्या आत हे लिहून टाकायचं आहे. हे पत्र मी कुरिअरने पाठवतो, म्हणजे बारा तारखेच्या आत तुझ्या हातात पडेल.

संमतीपत्रावरची तुझी सही मी केली.

नोव्हेंबर २०२१, तेवीस तारीख. तू आयव्हीच्या वडिलांच्या आजारपणात वसईला होतास. जाताना तू सांगितलंस की मी सही करणार नाही आणि तूही करू नकोस, मी आल्यावर बोलू. मी हो म्हणालो. चार दिवसांनी बिल्डरचे लोक कागद घेऊन आले. वीस पानं, सगळं इंग्रजी. असले कागद तू वाचायचास, मी सातवीपर्यंत शिकलेला. मी त्यांना म्हणालो, भाऊ उद्या येईल, तेव्हा कागद ठेवून जा. मग घरात बसून जुन्या पेपरवर तुझी सही गिरवली. तुझ्या पासबुकावरची समोर ठेवून. पानभर गिरवली. रेघ, दोन टिंबं. मग कागदावर केली आणि पेपर चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं की भाऊ सही करून परत गेला.

क्लॅरिसला आजपर्यंत माहीत नाही.

तू परत आलास तेव्हा घराला पाडायची निशाणी लागली होती. तू विचारलंस, माझ्या सहीशिवाय कसं? मी म्हणालो, मोठ्या भावाची पुरते म्हणे. मग ट्रंक भरलीस आणि वसईला निघून गेलास.

का केलं ते मी स्वतःला दर वेळी वेगळं सांगतो. वाडीतल्या तेरा घरांनी सह्या केल्या होत्या, आपलं एकच अडलं होतं. मे महिन्यात क्रुसाजवळ रोझरीला बसलो की आमच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. सीताराम दूधवालासुद्धा म्हणाला, तुमच्यामुळे सगळ्यांचं थांबलंय. क्लॅरिस दोन वेळा अंगणात पडली. मागची भिंत फुगली होती. हे सगळं खरं आहे. पण याने माझं समाधान होत नाही. खरं म्हणजे मला नवं घर हवं होतं. मला म्हातारपणी घरात संडास हवा होता, वर छत न गळणारं हवं होतं, आणि तू नाही म्हणशील याची मला भीती होती. बस.

तू बारा तारखेला येऊन जे खरं आहे ते सांग. मला काय होईल ते होवो. नाही, असं लिहितो पण भीती वाटते. शुभाबाईंच्या पुतण्याला मी आडून विचारलं, खोट्या सहीला काय होतं. तो वकिलाकडे कारकून आहे. त्याने सांगितलं ते क्लॅरिसला सांगू शकत नाही.

मी ठरवलं आहे की तुझ्या आधी मीच ऑफिसात जाऊन सांगेन. तुला माझ्याविरुद्ध बोलायला लागू नये.

हर्बर्ट

१७ मे, शनिवार. ६०३ मधून ६०४ मध्ये

ॲड्रियन,

सकाळपासून भिंतीतून ड्रिलचा आवाज येतो आहे. आधी मला वाटलं ऑफिसने माणूस पाठवला. मग शुभाबाई सांगत आल्या की तुमचे भाऊ आलेत, टूलबॉक्स घेऊन, स्विच उघडून बसलेत. इलेक्ट्रिशियनला दुसऱ्याचं काम पसंत पडत नाही, हे मला माहीत आहे.

दोन वेळा मी तुझ्या दारापर्यंत आलो. बेल दाबायला हात उचलला आणि परत आलो. म्हणून लिहितो. चार पावलांवर बसलेल्या माणसाला पत्र लिहितो आहे, क्लॅरिस कपाळाला हात लावून बसली आहे. तिला मी परवा सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, माझं नाव पुढे करून केलंस ना? मी म्हणालो, थोडं. ती म्हणाली, ते पहिलं काढून टाक. तिच्या पडण्याचं मी तुला सात तारखेच्या पत्रात लिहिलंच होतं, पण तिला ते कसं सांगू.

सोमवारचं मला नीट लिहायचं आहे, कारण तिथे मी काही बोलू शकलो नाही.

मी दहाला ऑफिसात पोचलो. शीतलसमोर खुर्चीत बसलो आणि म्हणालो, भावाच्या फायलीतली सही माझी आहे. हे वाक्य मी रात्रभर पाठ केलं होतं. ती माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "अंकल, तुमचे भाऊ नऊ वाजताच आलेले. साहेबांच्या समोर बसून सांगून गेले की सही त्यांचीच आहे. नवी सहीपण केली. मॅच झाली." मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही आत्ता काय म्हणालात ते मी ऐकलं नाही."

मी खरं बोललो होतो आणि त्यामुळे तू खोटा ठरत होतास. शेवटी म्हणालो, म्हातारा झालो, काहीतरी बोलून जातो. तीन वर्षांत मी पहिल्यांदा खरं बोललो, आणि तेही परत गिळलं.

बाहेर आलो तर तू परत येऊन पायऱ्यांवर थांबला होतास. हातात चावी. केस सगळे पांढरे झालेत तुझे. मी काही म्हणायच्या आत तूच बोललास. "तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून तू विचारलं नाहीस. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे." मग म्हणालास, "सहीतली टिंबं तू खाली दिलीस. मी वर देतो. आज मी पण खाली दिली." आणि रिक्षा थांबवून निघून गेलास.

पाच दिवस मी तेच घोळवतो आहे. तुला माहीत होतं. तीन वर्षं तुला माहीत होतं आणि तू पोलिसांत गेला नाहीस, वकील केला नाहीस, वाडीत कोणाला बोलला नाहीस. फक्त फोन उचलला नाहीस. मी मात्र समजत होतो की तू घर गेलं म्हणून रागावलास. मी तुला नळाचं पाणी, दोन संडास, लिफ्टचा आरसा लिहीत बसलो. म्हणजे घराचं वाईट वाटणं कमी होईल. तुझ्या घराचा कुठे प्रश्न होता.

आणखी एक लिहितो, मग पुरे. तसाच कागद परत आला, तशीच भिंत फुगलेली असली, तर मी परत काय करीन? मी परत सही करीन असं मला वाटतं. हे लिहायला नको होतं. पण आता तुला गोड लिहून पाठवायचं नाही, असं ठरवलं आहे. मी भित्रा माणूस आहे. तुला विचारायचं म्हणजे तुझं नाही ऐकायचं, ते माझ्याने झालं नाही. कपाटाच्या वेळीही झालं नाही. विहीर बुजवली तेव्हा बिल्डरच्या लोकांनी मला विचारलं होतं, तुमच्या घरचं कोणी हरकत घेणार नाही ना. मी नाही म्हणालो. ते मी तुला कधीच लिहिलं नाही. आता लिहिलं.

ड्रिल थांबलं आहे. तू बहुतेक डबा खायला बसला असशील. आयव्ही डब्यात काय देते कोण जाणे. क्लॅरिसने इकडे जास्तीचा भात टाकला आहे, पण तिने मला सांगितलं की तू त्याला जेवायला बोलावू नकोस, ते परत तू ठरवल्यासारखं होईल. ती म्हणाली, तू फक्त विचार.

म्हणून विचारतो. माझ्याकडे ये असं म्हणत नाही. हे पत्र मी दाराखालून सरकवतो आणि बाहेरच उभा राहतो. बेल दाबणार नाही.

ॲड्रियन, मी तुझ्या घरात येऊ का?

नाही म्हणालास तर ऐकीन. पण तोंडाने म्हण, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने.

हर्बर्ट